स्वरांशिवाय लिहायचं कसं? व्यंजनलिपी मुलांना शिकवण्याबद्दल

महालची_शिक्षिका

नमस्कार मंडळी. नववीच्या २८ मुलांसाठी लिपींवर दोन तासांचं सत्र घ्यायचं आहे. त्याआधी मुलं नागपूरचं संग्रहालय, म्हणजे अजब बंगला, बघून आलेली असतील, त्यामुळे शिलालेख आणि ताम्रपट म्हणजे काय हे सांगण्यात वेळ जाणार नाही. ज्या लिपींत फक्त व्यंजनं लिहितात, त्या चालतात कशा आणि त्यातून पुढे स्वर कसे आले, एवढंच मुलांना हाताने करून कळावं अशी इच्छा आहे.

टिपणात सध्या तीन वाक्यं आहेत: (१) मुळाक्षरं फिनिशियन लोकांनी शोधली. (२) स्वर ग्रीकांनी शोधले. (३) ब्राह्मी फिनिशियनमधून आली. ही वाक्यं कितपत बरोबर आहेत? आणि 'स्वर न लिहिता वाचता कसं येतं' या प्रश्नाला दहा मिनिटांत पटेल असं उत्तर कोणतं? मुलांना मराठीच व्यंजनांत लिहायला लावायचा विचार आहे. त्यात कुठे गडबड होईल?

---

ताम्रपट

ताई, तिन्ही वाक्यं थोडी थोडी बदलावी लागतील. तिसऱ्याबद्दल खाली वेगळं लिहितो, आधी पहिली दोन.

फिनिशियन म्हणजे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरचे प्राचीन व्यापारी लोक. त्यांच्या लिपीत २२ अक्षरं आहेत, सगळी व्यंजनं. बिब्लोसच्या अहिराम राजाच्या शवपेटीवरचा लेख साधारण इ. स. पू. १००० चा धरतात. पण ही कल्पना त्याहून बरीच जुनी आहे. सिनाईच्या वाळवंटात सेराबित अल्-खादिम इथे पिरोज्याच्या खाणी होत्या. तिथे १९०५ मध्ये फ्लिंडर्स पेट्रीला काही ओबडधोबड लेख सापडले. चिन्हं मिसरी (इजिप्तच्या) चित्रलिपीसारखी दिसत होती, पण मिसरी म्हणून वाचली तर अर्थ लागेना. १९१६ मध्ये ॲलन गार्डिनरने युक्ती ओळखली: चित्र काढायचं, त्या वस्तूचं नाव आपल्या सेमिटिक (अरबी-हिब्रूच्या कुळातल्या) भाषेत घ्यायचं आणि त्या नावातला फक्त पहिला ध्वनी वापरायचा. घर म्हणजे 'बेत', म्हणून घराचं चित्र म्हणजे ब्. पाणी म्हणजे 'मेम', म्हणून लाटेचं चित्र म्हणजे म्. या रीतीने घर, डोळा, अंकुश आणि फुली ही चार चिन्हं ब्-अ्-ल्-त् अशी वाचली गेली. 'बअलत' म्हणजे स्वामिनी, तिथल्या देवीचं नाव. म्हणून टिपणात 'फिनिशियनांनी शोधली' याऐवजी 'फिनिशियनांनी घडी बसवली आणि समुद्रापार नेली' असं लिहा.

या रीतीमुळेच अक्षरं व्यंजनांची झाली. त्या भाषांत प्रत्येक शब्द व्यंजनानेच सुरू होतो. त्यांच्या पहिल्या अक्षराचं नाव 'अलेफ'. आपल्याला तो स्वराने सुरू झाल्यासारखा वाटतो, पण त्यांच्या कानाला त्याच्या आधी घशातला एक छोटा अटकाव ऐकू येतो आणि तो त्यांच्या लेखी पक्कं व्यंजन आहे. शब्दाचा पहिला ध्वनी उचलायचा म्हटल्यावर स्वर हाती लागणारच नाही.

ग्रीकांचं काम याच्या नेमकं उलट झालं. घशातले असे बरेच ध्वनी ग्रीक भाषेत नव्हते. 'अलेफ' ऐकताना त्यांना अटकाव ऐकूच आला नाही, पुढचा 'अ' ऐकू आला. अलेफचा अल्फा झाला, 'हे'चा एप्सिलॉन, 'योद'चा आयोटा, 'अयिन'चा ओमिक्रॉन. 'हेथ'ची गंमत वेगळी: पूर्वेकडच्या ज्या ग्रीक बोलींत ह गळाला होता तिथे त्याचा दीर्घ ए झाला, पश्चिमेकडे ह टिकला, म्हणून रोमन लिपीत ते अक्षर आजही ह चंच काम करतं.

मात्र 'स्वर शोधले' म्हणू नका. सीरियातल्या उगारित नगराच्या लिपीतल्या (इ. स. पू. १४ वं-१३ वं शतक) ३० चिन्हांत अलेफची तीन रूपं आहेत: अ सह, इ सह आणि उ सह. हिब्रू आणि तिच्याच कुळातल्या अरामाइकमध्ये य, व, ह ही व्यंजनंच शब्दाच्या शेवटी आणि पुढे मध्येही दीर्घ स्वरांसाठी वापरत. ग्रीकांनी केलं ते एवढंच, पण फार मोठं: प्रत्येक स्वराला व्यंजनाच्या बरोबरीचं स्वतंत्र अक्षर दिलं आणि ते लिहिणं सक्तीचं केलं.

आता मराठीचा प्रयोग. नक्की करा, पण तो फसावा म्हणूनच करा. आधी नियम फळ्यावर लिहा:

१. शब्दाच्या सुरुवातीचा किंवा मध्ये सुटा आलेला कोणताही स्वर एकाच चिन्हाने दाखवायचा, अलेफसारखा.
२. बाकी सगळे स्वर गाळायचे.
३. अनुस्वार हे व्यंजन समजून न् किंवा म् लिहायचं.
४. जोडाक्षर सुटं लिहायचं, द्वित्त एकदाच.

सगळ्यात मोठी गफलत इथे होते: देवनागरी अक्षरं वापरू देऊ नका. 'नचत' लिहिलं की डोळा आपोआप 'न-च-त' वाचतो, कारण आपल्या अक्षरात अ आधीच दडलेला आहे. मग मुलांना वाटतं की आपण स्वर गाळले, प्रत्यक्षात सगळीकडे अ घातलेला असतो. प्रत्येक अक्षराचा पाय मोडायला सांगितलं तर मुलं कंटाळतात. त्यापेक्षा नवी चिन्हं द्या. फिनिशियनची २२ पुरणार नाहीत, तिथे ट-ठ-ड-ढ नाहीत की ख-घ-भ नाहीत. मराठीची क ते म २५ आणि य र ल व श ष स ह ळ ही ९, मिळून ३४. ङ, ञ, ष सोडले तर ३१, आणि एक अलेफ. ३२ चिन्हांचा तक्ता प्रत्येक गटाच्या हातात हवा. चार-चारचे सात गट करा.

पहिलं वाक्य म्हण द्या: 'नाचता येईना अंगण वाकडे'. व्यंजनांत ते न्-च्-त् य्-अ्-न् अ्-न्-ग्-ण् व्-क्-ड् असं होईल. दोन शब्द जुळताच मुलं अख्खी म्हण ओळखतील. हे मुद्दाम करायचं. मजकूर आधीच पाठ असेल तर व्यंजनं पुरतात, वाचणारा आठवत असतो.

मग दुसरा संच द्या: 'तो आला', 'ती आली', 'ते आले'. तिन्ही त् अ्-ल्. 'मुलगा आला, मुलगी आली, मुलगे आले' तिन्ही म्-ल्-ग् अ्-ल्. चा, ची, चे या सगळ्यांचा नुसता च्. क्-ल् म्हणजे काल, कला, कल, कुल, केला, केली, केले यांपैकी काहीही. संदर्भाने कळेल म्हणावं तर नाम, विशेषण आणि क्रियापद तिघांचंही लिंगवचन शेवटच्या स्वरातच असतं, त्यामुळे एकाला दुसऱ्याचा आधार उरत नाही. दहा मिनिटांत पटणारं उत्तर हेच आहे. मराठीचं व्याकरण स्वरांत बसलेलं आहे, अरबी-हिब्रूचा बराच भाग व्यंजनांत.

---

कामठी_लाईन

वरच्या शेवटच्या वाक्याला जोड देतो, कारण 'अरबीत स्वर लिहीत नाहीत' एवढंच सांगून थांबलं तर मुलं चुकीचं घेऊन जातात. अरबीत दीर्घ स्वर लिहितात: आ साठी अलिफ, ई साठी ये, ऊ साठी वाव. गळतात ते ऱ्हस्व.

व्याकरण व्यंजनांत कसं असतं ते पाहा. 'तो लिहितो' म्हणजे यक्तुबु, 'ती लिहिते' म्हणजे तक्तुबु. स्वर काढले तरी य्-क्-त्-ब् आणि त्-क्-त्-ब् वेगळे राहतात. 'त्याने लिहिलं' कतब, 'तिने लिहिलं' कतबत, शेवटचा त् दिसतो. आपल्या 'आला-आली'सारखी अडचण तिथे येत नाही. पूर्ण सुटका मात्र नाही: कतब (लिहिलं), कुतिब (लिहिलं गेलं), कुतुब (पुस्तकं) तिन्ही क्-त्-ब्. तिथे वाक्याची रचना मदतीला येते.

धातूची, म्हणजे शब्दाच्या मूळ व्यंजनांची, कल्पना समजवायला अरबी शिकवायची गरज नाही, मराठीतच माल पडलेला आहे. दखल, दाखल, दाखला: तिन्ही द्-ख्-ल्, 'आत शिरणे'. हुकूम, हकीम, हिकमत: ह्-क्-म्. कबूल, काबील, मुकाबला: क्-ब्-ल्. मुलांना असे शब्द देऊन समान व्यंजनं शोधायला लावा. सांगाडा तोच, स्वर बदलले की अर्थाची छटा बदलते. अशा भाषेत व्यंजनं लिहिली की शब्दाचं कूळ हाती येतं, उरलेलं साच्यावरून भरता येतं.

आणखी एक गोष्ट मुलांना नक्की आवडेल. अशा व्यंजनलिपीला 'अबजद' म्हणतात. हे नाव अलिफ, बे, जीम, दाल या जुन्या क्रमातल्या पहिल्या चार अक्षरांवरून आलं. त्या क्रमात प्रत्येक अक्षराला संख्या आहे: अलिफ १, बे २, हे ५, मोठी हे ८, ये १०, लाम ३०, मीम ४०, नून ५०, सीन ६०, रे २००. ७८६ हा आकडा मुलांनी रिक्षांवर, दुकानांवर पाहिलेला असतो. तो 'बिस्मिल्लाह अर्-रहमान अर्-रहीम'ची बेरीज आहे. फळ्यावर करा:

ब-स-म: २ + ६० + ४० = १०२
अ-ल-ल-ह: १ + ३० + ३० + ५ = ६६
अ-ल-र-ह-म-न: १ + ३० + २०० + ८ + ४० + ५० = ३२९
अ-ल-र-ह-य-म: १ + ३० + २०० + ८ + १० + ४० = २८९

एकूण ७८६. 'रहमान'मध्ये आ ऐकू येतो, पण तिथे अलिफ लिहीत नाहीत म्हणून मोजलेला नाही. 'रहीम'मधली ई मात्र ये ने लिहितात, म्हणून तिचे १० धरले. ध्वनी मोजले तर बेरीज चुकते, लिहिलेली अक्षरं मोजली तरच जुळते. याच रीतीने फारसी शिलालेखांत वर्ष एखाद्या ओळीत गुंफलेलं असतं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे, त्यांचं हे रोजचं काम.

खुणा नंतर का आल्या, हेही याच ठिकाणी सांगा. सुरुवातीच्या अरबीत नुसते स्वरच नाहीत असं नाही, नुक्तेही (अक्षरांवरचे-खालचे ठिपके) फार कमी. शब्दाच्या मध्ये ब, त, थ, न, य यांचा आकार एकच दात, फरक फक्त नुक्त्यांचा. हिजरी २२ च्या (इ. स. ६४३) एका कागदपत्रावर थोडे नुक्ते दिसतात, म्हणजे पद्धत माहीत होती, पण सगळीकडे लावत नव्हते. कुराण पाठ असणाऱ्याला त्यांची गरज नव्हती. अरबी मातृभाषा नसलेले लोक वाचू लागले तेव्हा स्वरांच्या खुणा लागल्या, आधी रंगीत ठिपके, मग आजच्या अ-इ-उ च्या खुणा, म्हणजे जबर-जेर-पेश. हिब्रूतही तसंच: बोलण्यातून भाषा सुटत गेली, उच्चार विसरण्याची भीती आली, आणि पंडितांनी अक्षरांना हात न लावता खाली-वर ठिपके-रेघा जोडल्या. पवित्र मजकुराचं एकही अक्षर बदलायचं नव्हतं, म्हणून स्वर ओळीत न येता वरखाली गेले.

मोमिनपुऱ्यातल्या पाट्यांवरची उर्दू मात्र वेगळ्या वळणाने गेली आहे. ती आपल्यासारखीच, आया-आई-आए करणारी भाषा. तिला शेवटचा स्वर लिहावाच लागतो. म्हणून शब्दाअखेर ई साठी छोटी ये आणि ए साठी बडी ये अशी वाटणी आहे. ऱ्हस्व स्वर तरीही गळतात: 'इस' आणि 'उस' सारखेच दिसतात.

---

महालची_शिक्षिका

दोघांचेही मनापासून आभार. ७८६ ची बेरीज करून पाहिली, जुळली! दोन शंका. फसलेल्या मराठी प्रयोगानंतर मुलांनी स्वतः उपाय काढायचा तर कोणत्या पायऱ्या द्याव्यात? आणि मातीवर काही करता येईल का?

---

ओली_माती

मातीचं मी सांगतो. सुमेरी-अक्कदी कीललिपीच्या (ओल्या मातीवर पाचरीसारखे ठसे उमटवून लिहायच्या लिपीच्या) वाटेला जाऊ नका, चिन्हं शेकडो आहेत. उगारितची घ्या. दिसायला कीललिपी, आतून व्यंजनलिपी, आणि डावीकडून उजवीकडे.

माती कुंभाराची, चाळलेली. प्रत्येक मुलाला साधारण ८ × ६ सेंमी आणि दीड-दोन सेंमी जाडीची वडी. आईस्क्रीमची चपटी काडी चालत नाही, तिचं टोक गोल असतं. चौकोनी कडेची बांबूची काडी घ्या, कोपरा धारदार हवा. काडी तिरपी धरून कोपरा दाबायचा आणि उचलायचा. मुलं हमखास ओढतात. ओढलं की कडेला मातीचा वळ उठतो आणि पाचरीचं डोकं दिसत नाही. माती काडीला चिकटली तर ती फार ओली आहे, वडी दहा-पंधरा मिनिटं उघडी ठेवा. कडा तडकल्या तर फार सुकली आहे, ओल्या फडक्यात गुंडाळा.

सोपी सहा चिन्हं: आडवी एक पाचर त्, एकापुढे एक दोन आडव्या म्हणजे अ-सह अलेफ, तीन आडव्या न्. उभी एक ग्, शेजारी शेजारी दोन उभ्या म्हणजे घशातून दाबून काढलेला स्, तीन उभ्या ल्. एवढ्यावर मुलं पटकन लिहू लागतात, पण चूक एकाच ठिकाणी होते: अंतर. दोन चिन्हांमध्ये पुरेशी जागा सोडली नाही तर त् आणि अलेफ मिळून न् होतो. शब्द तोडायला लहानशी उभी पाचर मारत, ती ग् पेक्षा स्पष्ट लहान हवी.

---

ताम्रपट

पायऱ्यांबद्दल. गटांना तीन वेगळे उपाय द्या आणि तेच सहा शब्द (तो, ती, ते, आला, आली, आले) पुन्हा लिहायला लावा.

पहिला, अरामाइक उपाय: नवं चिन्ह काढायचं नाही. ई-ए साठी य्, उ-ओ साठी व्, शेवटच्या आ साठी अलेफ. 'तो आला' वेगळं होतं, पण 'ती आली' आणि 'ते आले' दोन्ही त्-य् अ्-ल्-य्. उर्दूला दुसरी ये का लागली ते इथे मुलांच्याच वहीत दिसेल. शिवाय 'दया'सारख्या शब्दात य् व्यंजन की स्वर, हा नवा घोळ.

दुसरा, ग्रीक उपाय: प्रत्येक स्वराला स्वतंत्र अक्षर, ओळीतच. घोळ संपतो, पण ओळ लांबते. 'मुलगा' व्यंजनांत तीन चिन्हं होती, आता म्-उ-ल्-अ-ग्-आ अशी सहा. यातला मधला अ आपण उच्चारतच नाही. तो लिहायचा की नाही, यावर मुलं वाद घालतील. घालू द्या, त्या वादात शिकण्यासारखं बरंच आहे.

तिसरा, आपला उपाय: अ गृहीत, बाकीचे स्वर अक्षराला चिकटलेल्या रेघेने. अशोकाच्या ब्राह्मीत क म्हणजे अधिकचं चिन्ह. डोक्याशी उजवीकडे छोटी रेघ दिली की का, डावीकडे दिली की के, दोन्हीकडे दिली की को, पायाशी दिली की कु. ओ म्हणजे ए आणि आ च्या रेघा मिळून, आणि आजच्या 'को'मध्येही काना अधिक मात्रा हेच आहे. हे मुलांना आपण न सांगता दिसायला हवं.

आता तिसरं वाक्य. इथे दोन लिपी वेगळ्या करा. वायव्येकडची खरोष्ठी अरामाइकवरून आली, यावर फारसा वाद नाही: उजवीकडून डावीकडे चालते, बरीच अक्षरं जुळतात आणि तो प्रदेश ज्या इराणी साम्राज्यात होता त्याचा कारभार अरामाइकमध्ये चाले. तिच्यात अलेफची सावलीही दिसते. इ, उ, ए, ओ साठी स्वतंत्र अक्षरं नाहीत, अ लाच मात्रा लावायच्या. सावरकरांच्या लिपीसुधारणेतलं 'अिथे, अुद्या' वाचलेल्या माणसाला हे लगेच ओळखीचं वाटेल. ऱ्हस्व-दीर्घ भेदही ती सहसा दाखवत नाही.

ब्राह्मीचं मात्र पक्कं ठरलेलं नाही. ब्यूलरने १८९५ मध्ये उत्तर सेमिटिक अक्षरांशी तिची तपशिलात जुळणी मांडली. ब्राह्मीचा थ म्हणजे वर्तुळात ठिपका, फिनिशियन 'तेथ' म्हणजे वर्तुळात फुली, अशी काही साम्यं डोळ्यांना दिसतात. दुसरीकडे अनेक अक्षरांची जुळणी ओढूनताणून केलेली वाटते आणि भारतातल्या अनेक विद्वानांनी तिचा उगम इथलाच मानला. माझं मत असं की आकार कुठून आले आणि व्यवस्था कुठून आली, हे दोन प्रश्न आहेत. काही आकार बाहेरचे असले तरी कंठ्य-तालव्य-मूर्धन्य अशी उच्चारस्थानांची विभागणी आणि ऱ्हस्व-दीर्घाची जोडी कोणत्याही सेमिटिक लिपीत नाही. ती इथल्या शिक्षाशास्त्राची, म्हणजे उच्चारशास्त्राची आहे. टिपणात 'ब्राह्मीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत' असं लिहा आणि खरोष्ठीचं उदाहरण द्या.

'गृहीत अ' ही कल्पनाही एका फटक्यात रुजली नाही. आंध्रातल्या भट्टिप्रोलूच्या अस्थिकरंडकांवर, जे १८९२ मध्ये सापडले, क ला काहीच जोडलं नाही तर तो नुसता क्. अ हवा तर अशोकाच्या ब्राह्मीत जी आ ची रेघ ती लावायची, आणि आ साठी तिला आणखी वळण. म्हणजे अ गृहीत धरायचा की लिहायचा, हा मुलांचा वाद कृष्णेच्या काठी झालेलाच आहे.

संग्रहालयाच्या भेटीत देवटेकची शिळा दाखवता आली तर पाहा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या या एकाच दगडावर मौर्यकाळच्या वळणाची ब्राह्मी आणि नंतरचा वाकाटक राजा रुद्रसेनाचा लेख आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर छोटी चौकट असते. मुलं ती चौकट म्हणजे मात्रा समजतात. ती शोभेची आहे, मात्रा तिला बाहेरून चिकटलेली असते. हे आधी सांगितलं नाही तर वाचनाचा पहिला प्रयत्नच फसतो.

---

खातेवही

भारतातलं उदाहरण हवं असेल तर महाजनी ऊर्फ मुडिया लिपी घ्या. मारवाडी पेढ्यांच्या वह्यांत मात्रा सहसा लावतच नसत. 'काकाजी अजमेर गये' असं कळवलं आणि घरी 'काकाजी आज मर गये' वाचून रडारड झाली, हा जुना किस्सा त्यावरूनच आला. तरी हिशेबात ती उत्तम चालली, कारण नावं, माल आणि गावं लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या दोघांनाही ठाऊक. मोडी त्या मानाने पूर्ण आहे, फक्त ऱ्हस्व-दीर्घ इ-उ चा भेद नाही, त्यामुळे दिन-दीन सारखेच.

ताई, एक तांत्रिक सूचना. पडद्यावर फिनिशियन किंवा हिब्रू दाखवणार असाल तर अक्षरं टंकून ठेवू नका. उजवीकडून चालणारी ओळ मराठी वाक्यात आली की काही संगणकांवर विरामचिन्हं आणि आकडे उडी मारतात, आणि अरबी अक्षरं कधी सुटी पडतात. नोटो या फाँटसंचातले फिनिशियन आणि ब्राह्मी फाँट मोफत आहेत. त्यांत लिहून चित्र करून घ्या आणि तेच चिकटवा. छापील तक्त्यावर प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वाचनाच्या दिशेचा बाण काढा. तो नसला की निम्मे गट फिनिशियन डावीकडून वाचायला लागतात.